आजचं चिंतन : द्वैतवनातली हरणं



आजचं वाचन वनपर्वातलं. भाग इतका छोटा आहे की पान उलटलं की संपतो, आणि पुढे द्रौपदीहरणाची घाई असल्यामुळे बरेच जण इथे थांबतही नाहीत. नाव मात्र भारदस्त आहे : मृगस्वप्नोद्भव.

गोष्ट अशी. पांडव द्वैतवनात राहतायत. एका रात्री युधिष्ठिराच्या स्वप्नात हरणं येतात. हात जोडलेले, अंग थरथरतंय, गळा दाटून आलेला. तो विचारतो, तुम्ही कोण, काय हवंय? ती म्हणतात, आम्ही या वनातली उरलेली हरणं. तुझे भाऊ मोठे शूर, अस्त्रविद्येत तरबेज, आणि त्यांनी आमची कुळंच्या कुळं संपवत आणली. आता आम्ही बियाण्यापुरते राहिलो आहोत. तुझ्या कृपेने आम्हाला पुन्हा वाढू दे. तुम्ही राहायची जागा बदला.

युधिष्ठिर जागा होतो. भावांना सांगतो की हरणं खरं बोलतायत. सकाळी सगळा लवाजमा उठतो आणि काम्यकवनात जातो. संपलं.

"ताई, पांडव शिकार करायचे? मांस खायचे?" असे मेसेज येणार हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते : हो. मूळ ग्रंथात स्वच्छ लिहिलंय. आपल्या मनातले सात्त्विक पांडव टीव्हीवरून आलेत. आणि मला विचाराल तर ते शिकार करत होते म्हणूनच या स्वप्नाला वजन आहे. ज्याने कधी बाण सोडलाच नाही त्याच्या स्वप्नात हरणं कशाला येतील?

हा भाग मी मुद्दाम निवडलाय. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये मी एका मैत्रिणीबरोबर जर्मनीला गेले होते, शिकारीला. म्हणजे शिकार ती करणार होती, मी सोबत. तेव्हापासून युधिष्ठिराचं हे स्वप्न माझ्या डोक्यातून जात नाही.

मैत्रीण सांगली जिल्ह्यातली, शिराळ्याकडची. घर माळकरी. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात वशाट शिजत नाही, आषाढीला घरातलं कोणी ना कोणी पायी जातंच. ही शिकली, नोकरीसाठी स्टुटगार्टला गेली, सहा वर्षं राहिली आणि तिथे तिने शिकारीचा परवाना काढला. हे ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला होता, आठवतंय. आता ती पुण्यात असते, पण तिथल्या एका वयस्कर जोडप्याशी घरोबा आहे, त्यांच्याकडून दर नोव्हेंबरला बोलावणं येतं. या वेळी म्हणाली, "तू रोज शास्त्रावर लिहितेस ना? मग चल. एकदा बघ, मग लिही."

मला बघायचं होतं. ज्या गोष्टीला आपण एका शब्दात पाप म्हणून मोकळे होतो, ती डोळ्यांसमोर घडते कशी ते.

आधी एक गैरसमज काढते. तिथे पैसे भरले, बंदूक घेतली आणि निघालं असं नसतं. परवान्यासाठी लेखी, तोंडी आणि नेमबाजीची परीक्षा असते. प्राण्यांचे रोग, झाडं, कायदा, कुत्र्यांचं शिक्षण, मांसाची स्वच्छता, सगळं विचारतात. लोक तिला गमतीने 'हिरवी बारावी' म्हणतात. असे परवाने असलेले चार लाखांहून जास्त लोक त्या देशात आहेत. १९५२ च्या त्यांच्या शिकार कायद्यात शिकारीच्या हक्काबरोबर रानाची आणि जनावरांची निगा राखण्याचं कर्तव्यही बांधून दिलंय. रानडुकरांनी मका नाहीतर गहू उकरला तर शेतकऱ्याला भरपाई बहुतेक ठिकाणी त्या रानाचा शिकारपट्टा घेतलेल्यालाच द्यावी लागते. आणि डुकरं भरपूर आहेत. मक्याची शेतं वाढली, हिवाळे सौम्य झाले, पिल्लं जगतात. २०१९-२० च्या एका हंगामात जर्मनीत सुमारे ८ लाख ८२ हजार रानडुकरं मारली गेली. आकडा वाचून मी दोनदा शून्यं मोजली होती.

आम्ही गेलो ते श्वेबिशे आल्ब नावाच्या डोंगरपठारावरच्या एका गावात. बीचची झाडं, पानगळ जवळपास संपलेली, जमिनीवर तांबूस गालिचा, थंडी अशी की मोजे तीन घातले तरी बोटं बधिर. शनिवारी सकाळी जंगलाच्या कडेला तीसेक माणसं जमली. भगवी जॅकेटं! आपल्या वारीतला रंग इथे कुठून आला असं क्षणभर वाटलं, पण ती एकमेकांची गोळी लागू नये म्हणून घालतात. कुत्र्यांच्या अंगातही तसलीच जॅकेटं.

प्रकार आपल्याकडे पूर्वी असायचा तोच, हाक्याची शिकार. काही जण कुत्री घेऊन रान उठवतात, बाकीचे नेमून दिलेल्या जागी बसतात. यजमान उभे राहिले आणि वीसेक मिनिटं फक्त नियम सांगत होते. जागा सोडायची नाही. गोळीच्या मागे माती असली पाहिजे, आकाश नको. मोठ्याच्या आधी लहान. आणि जी मादी पिल्लांबरोबर आहे तिला हात लावायचा नाही, एकटी मोठी मादी पुढे आली तरी थांबायचं, कारण पिल्लं मागून येत असतात. मैत्रीण कानात भाषांतर करत होती. इथे तिने एक शब्द सांगितला तो मी वहीत लिहून घेतला : 'आन्श्प्रेखन'. बार टाकण्याआधी समोरचं जनावर नेमकं कोणतं, नर की मादी, वय काय, आजारी आहे का, हे ओळखणं. पण रोजच्या बोलण्यात याच शब्दाचा अर्थ आहे, एखाद्याला बोलवणं, त्याच्याशी बोलायला सुरुवात करणं. म्हणजे ज्याला मारणार आहेस त्याला आधी हाक मार, तू कोण ते विचार.

मला सरळ दशरथ आठवला. शरयूचा काठ, पावसाळी रात्र, पाण्यात घडा बुडाल्याचा आवाज, आणि हत्तीच असणार असं धरून सोडलेला शब्दवेधी बाण. आपण ती गोष्ट श्रावणबाळाची मातृपितृभक्ती म्हणून सांगतो, आणि बरोबरच आहे. पण दशरथाच्या बाजूने वाचली तर ती न विचारता मारलेल्या बाणाची गोष्ट आहे. आवाजावर मारता येतं ही त्याची कला होती, आणि त्याला त्या कलेचा अभिमान होता. ओळखण्याआधी हात चालला. रामायणातला सगळा शोक त्या एका 'असणार'मधून वाहत येतो.

दहाच्या ठोक्याला हाका सुरू झाला. आम्ही एका लाकडी मचाणावर बसलो होतो. शिड्या, फळ्या, वर छप्पर. मैत्रीण म्हणाली, "बघ, अगदी आमच्या शेतातला माळा." खरंच तसाच. तासभर काही नाही. लांबून कुत्र्यांचा आवाज, एखाद-दुसरा बार, मग परत शांतता. इतकी शांतता की मी मनात नामस्मरण सुरू केलं आणि मग वाटलं, इथे बसून हे करणं बरं दिसतं का? उत्तर मिळालं नाही. नाम चालू ठेवलं.

मग ती आली. मोठी, काळी, तोंड जमिनीला, तीस-पस्तीस पावलांवर. एकटी. मैत्रिणीने बंदूक खांद्याला लावली होती. मी तिचं बोट बघत होते, ते घोड्यावर नव्हतं, बाजूला सरळ होतं. पाच सेकंद, दहा सेकंद. आणि मागच्या झुडपातून चार पिल्लं आली, पाठीवरचे पट्टे पुसट होत आलेली. सगळी ओळीने गेली. मैत्रिणीने श्वास सोडला तेव्हा कळलं की तिने तो धरून ठेवला होता.

आदिपर्वातली पंडूची गोष्ट तुम्ही वाचली असेल. हरणाच्या रूपात मैथुनात असलेल्या किंदम ऋषींना त्याने बाण मारला. पंडू वाद घालतो की राजाने मृग मारणं हा धर्मच आहे, पूर्वीपासून चालत आलंय. आणि ऋषी काय म्हणतात? हरीण मारलंस म्हणून मी तुला दोष देत नाही. तू थांबला नाहीस. माझी ती वेळ सरेपर्यंत थांबायला हवं होतंस. मला हे नेहमी विलक्षण वाटत आलंय. मरता मरता एक जीव मारण्याच्या हक्काबद्दल वाद घालत नाही, फक्त 'थांबता आलं असतं' एवढंच म्हणतो. त्या मचाणावर बसून मला किंदम ऋषी जितके समजले तितके घरी पाटावर बसून कधी समजले नव्हते.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी कदाचित हा लेख लिहिलाही नसता. अर्ध्या तासाने एक तरणं डुक्कर आलं, वर्षभराचं, नर. मैत्रिणीने ओळखलं, थांबली, परत बघितलं, आणि बार टाकला. ते दहाएक पावलं पळालं आणि पडलं. मागचे पाय थोडा वेळ पानांत चालत राहिले, मग राहिले. मी वर्णन वाढवत नाही. एवढंच सांगते की ते लवकर झालं, आणि तरी ते लवकर झालं असं मला वाटलं नाही.

संध्याकाळी सगळी जनावरं गोळा झाली. पोटं साफ केलेली, तपासणीसाठी डुकरांच्या मांसाचे तुकडे घेतलेले. मग सूचिपर्णी झाडांच्या फांद्या अंथरून त्यांवर एकेक जनावर उजव्या कुशीवर मांडलं. चार कोपऱ्यांत लाकडं पेटवली. समोर शिकारी रांगेत उभे, मागे रणशिंगवाले. जनावरावरून पाय टाकून जायचं नाही, वळसा घालून जायचं. प्रत्येक जातीसाठी शिंगाची वेगळी धून आहे, डुकराची वेगळी, हरणाची वेगळी. टोप्या उतरल्या. मैत्रिणीच्या डुकराच्या तोंडात कोणीतरी आधीच एक डहाळी ठेवली होती. त्याला 'शेवटचा घास' म्हणतात. तशीच दुसरी डहाळी, त्याच्या रक्ताचा थेंब लावलेली, यजमानांनी तिला दिली आणि तिने ती टोपीत खोवली. डहाळी चाकूने कापायची नाही, हाताने मोडायची, असाही नियम आहे.

शेवटचा घास. आपल्याकडे जाणाऱ्याच्या तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजळ घालतात. मी डोळे पुसले, खोटं कशाला सांगू.

एक माणूस मात्र रांगेत नव्हता. दुपारी कोणाच्या तरी गोळीने एक डुक्कर नुसतं जखमी होऊन पळालं होतं, आणि माग काढणारा कुत्रा घेऊन तो गृहस्थ एकटा रानात गेला होता. जखमी जनावराचा माग काढायचाच, सोडायचं नाही, हा तिथे कायदाही आहे आणि रिवाजही. अंधार पडल्यावर तो परतला, मान हलवून 'सापडलं' असं सांगितलं, आणि ज्याने बार टाकला होता तो माणूस पहिल्यांदाच खुर्चीवर बसला. दिवसभरात मला सगळ्यात जास्त धर्म कुठे दिसला असेल तर तो या वाट बघण्यात. शिंगांच्या धुनीपेक्षाही.

कारण धुनीबद्दल माझ्या मनात शंका होती, आणि आहे. या शिकाऱ्यांचा संत आहे हुबेर्टुस. लीएजचा बिशप, इ.स. ७२७ मध्ये वारला, ३ नोव्हेंबरला त्याचा सण. दंतकथा अशी की गुड फ्रायडेला शिकार करताना त्याला एक सांबरासारखं मोठं हरीण दिसलं, त्याच्या शिंगांमध्ये तेजस्वी क्रूस. त्या दर्शनाने माणूस बदलला, मागचं आयुष्य सोडून देवाकडे वळला. तुमच्यातल्या काहींनी हे चित्र पाहिलंय, पबमधल्या त्या हिरव्या बाटलीवर, येगरमाइस्टरवर, तेच हरीण आहे. गंमत बघा. ज्याच्या शिकारीत देवाने मध्येच आडवं येऊन त्याला थांबवलं, तो शिकाऱ्यांचा रक्षक झाला आणि मग दारूच्या बाटलीवर गेला. आपणही आपल्या संतांचं काय काय करतो ते आठवून मी फार हसले नाही.

आणि आणखी एक जड गोष्ट. शिकारीतल्या सभ्यतेचे हे नियम साऱ्या देशासाठी एका कायद्यात बसवले गेले ते १९३४ साली, आणि त्या कायद्यामागे होता हेरमान ग्योरिंग. त्याला जनावरांचा मान राखायची फार हौस होती. माणसांचं त्याने आणि त्याच्या साथीदारांनी काय केलं ते जगाला माहीत आहे. म्हणजे मेलेल्या हरणासमोर टोपी काढली म्हणून माणसाचं मन मऊ होतंच असं नाही. आपल्या पूजेलाही हे लागू आहे. तिथली भाषाही अशीच : जनावराच्या रक्ताला ते रक्त म्हणत नाहीत, 'घाम' म्हणतात. मैत्रीण म्हणाली, "आणि आपण नाही का 'बोकड पडला' म्हणत? जसा काही आपण होऊन घसरून पडला."

जेवणात मी उकडलेले बटाटे, सफरचंद आणि अक्रोड खाल्ले. (शाकाहारी मंडळींना टीप : त्या भागात पाव किंवा ब्रेझेलमध्येसुद्धा डुकराची चरबी असू शकते, आणि बटाट्याचं सॅलड मांसाच्या रश्श्यात कालवतात. विचारून खा.) मैत्रिणीने माझ्या ताटाकडे बघितलं आणि रात्री, सगळे झोपल्यावर, स्वयंपाकघरात विषय काढला.

"तू आज बटाटा खाल्लास. तो ज्या शेतातला, ते शेत राखायला डुक्कर कोणीतरी मारलंय. तुझ्या हाताला लागलं नाही एवढंच."

मी धर्मव्याधाचं नाव घेतलं. तुम्हाला आठवत असेल, मिथिलेतला खाटीक, ज्याच्याकडे तपस्वी कौशिक ब्राह्मण धर्म शिकायला जातो. तोही हेच म्हणतो : नांगर चालतो तिथे जमिनीतले जीव मरतात, धान्याच्या दाण्यात जीव आहे, पाण्यात आहे, चालताना पायाखाली येतात, हिंसा न करणारा मला दाखव. मैत्रीण खूश झाली. मग मी म्हणाले, अगं पण तो स्वतः मारत नव्हता. दुसऱ्यांनी मारलेल्याचं मांस विकायचा, आणि खातही नव्हता. ती म्हणाली, "म्हणजे तुझा धर्मव्याध माझ्या बाजूचा की तुझ्या?" बरं, मला अजूनही सांगता येत नाही. बहुतेक कोणाच्याच नाही. तो कौशिकाला घरात नेऊन आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांची सेवा दाखवतो, वादात जिंकत नाही.

मग ती वडिलांबद्दल बोलली. शिराळ्याला चांदोलीचं जंगल जवळ. रात्री डुकरं येतात, गवे येतात. वडील माळ्यावर बसतात, बॅटरी मारतात, डबे वाजवतात, फटाके लावतात, ओरडतात. माळकरी माणूस, मारणार नाही. "आणि डुक्कर काय करतं माहितीये? बांध ओलांडून शेजारच्या शेतात जातं. त्यांच्या शेतात तारेत करंट सोडलेला असतो. बाबांना ते माहीत आहे. सकाळी ते तिकडे बघत नाहीत. ही अहिंसा की ढकलाढकल, सांग." तिचा आवाज चढला नव्हता. "मला लहानपणापासून वाटायचं, ज्याला मारावं लागतं त्याने बघावं तरी. इथली माणसं बघतात. म्हणून मी शिकले."

मंडळी, याला मी काय उत्तर देणार होते? तिच्या वडिलांना मी ओळखते. दोन एकरांतला ऊस एका रात्रीत लोळवलेला बघून हा माणूस पांडुरंगाला हात जोडून परत लावणीला लागतो. त्यांना ढकलाढकल करणारा म्हणायची माझी छाती नाही. आणि तिलाही क्रूर म्हणवत नाही. पिल्लं दिसण्याआधीच तिचं बोट थांबलं होतं, मी बघितलंय.

पण दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये, खिडकीबाहेर मैलोन्‌मैल शेतं पळत असताना, युधिष्ठिराचं स्वप्न आठवलं आणि एक फरक दिसला. हरणं युधिष्ठिराला 'शिकार पाप आहे' म्हणत नाहीत. 'तू वाईट आहेस' म्हणत नाहीत. मागणी फार साधी आहे : तुम्ही दुसरीकडे जा. कारण पांडवांना दुसरीकडे जाता येत होतं. ते त्या वनाचे नव्हते, मुक्कामाला होते. द्वैतवन नाही तर काम्यकवन. हरणांना मात्र द्वैतवन सोडून काही नव्हतं.

शिराळ्याच्या शेतकऱ्याला जायला काम्यकवन नाही. ऊस डोक्यावर घेऊन तो कुठे जाईल? आल्बवरच्या यजमानांनाही नाही, त्यांना पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांची भरपाई द्यायची आहे. लांडगा नाही म्हणून आम्हाला मारावं लागतं, असं तिथे सगळे सांगतात. हेही खरं की तो लांडगा त्यांच्याच पणजोबा-खापरपणजोबांनी संपवला होता, आणि २००० साली पूर्व जर्मनीत त्याची पिल्लं पुन्हा जन्मली तेव्हापासून तो नको म्हणणाऱ्यांत शिकारीही आहेत. पण त्या गावातल्या माणसांपुरतं बोलायचं तर त्यांचं ओझं खरं आहे.

आमचं काय? आम्ही दोघी विमानाने, सुट्ट्या टाकून, सहा-सात हजार किलोमीटर लांबून तिथे गेलो होतो. आमच्या शेतात कोणी आलं नव्हतं. त्या रानात त्या दिवशी ज्यांना सहज दुसरीकडे जाता आलं असतं अशी माणसं मोजली तर पहिल्या दोन आम्हीच. डहाळी, शिंग, टोपी, शेवटचा घास, हे सगळं मला मनापासून भिडलं, आणि तरी ते सगळं बार झाल्यानंतरचं आहे. हरणांनी मागितलं ते आधीचं होतं. त्यांना मानवंदना नको होती, जागा हवी होती.

हे मी तिला स्टुटगार्ट स्टेशनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि मी नाही आले तर तेच डुक्कर दुसरा कोणी मारेल. कदाचित घाईत, कदाचित पोटात गोळी लागेल." हे खोटं नाही. जखमी डुकराची वाट बघणारा तो माणूस आम्ही दोघींनी पाहिला होता. मी म्हटलं, भीमही युधिष्ठिराला असंच म्हणू शकला असता की आम्ही गेलो तर दुसरा कोणी राजा येईल शिकारीला. ग्रंथात कोणी म्हणत नाही. सकाळी उठून चालायला लागतात.

"तुझे पांडव राजे होते," ती म्हणाली.

आजही आमचं यावर एकमत नाही. मैत्री आहे, वारीत दोन मुक्काम आम्ही बरोबर चालतो. ती माळ घालत नाही, तिच्या वडिलांनी कधी विचारलं नाही, आणि तिला नेमकं तेच बोचतं. मला विचाराल तर त्यांना माहीत असावं. सकाळी शेजारच्या शेताकडे न बघणारा माणूस मुलीच्या फोनमधले फोटोही बघत नसेल. प्रेम कधी कधी असंही असतं, मला ते पूर्ण पटत नसलं तरी.

त्या जर्मनीतसुद्धा सगळे एका बाजूला नाहीत हं. तिथे छोट्या जमीनमालकालाही आपल्या जमिनीवर शिकार होऊ द्यावी लागायची. एकाला ते मनाला पटेना, तो थेट स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१२ साली निकाल त्याच्या बाजूने लागला. माझ्या जमिनीवर नको, इतकंच त्याचं म्हणणं होतं. म्हणजे एका माणसाच्या स्वप्नात हरणं आली होती म्हणायचं.

या वर्षीचं बोलावणं आलंय. तिने मला फॉरवर्ड केलं, खाली फक्त प्रश्नचिन्ह. मी उत्तरादाखल मृगस्वप्नोद्भवाचं मराठी भाषांतर पाठवलं, आज तुम्ही वाचलंत तेच. रात्री उशिरा तिचा मेसेज आला :

"वाचलं. पण युधिष्ठिराचा तिथे ऊस नव्हता."

तिकीट काढलंय की नाही ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

उद्याचं वाचन इथूनच पुढे : मुद्गल ऋषी, कापणी झालेल्या शेतात सांडलेले दाणे वेचून जगणारे. राम कृष्ण हरी.